शब्दांच्या आठ जाती : एका संख्येचा इतिहास

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणारा विद्यार्थी नवनवे शब्द ज्या खणांत लावतो, ते खण त्याने मराठी व्याकरणाच्या तासाला आधीच पाहिलेले असतात. या साम्याचा दोष बहुधा दादोबा पांडुरंगांकडे जातो. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात त्यांनी लिंडली मरेच्या धर्तीवर इंग्रजीचा साचा मराठीवर लादला, असा तो आक्षेप. आक्षेप निराधार नाही. परंतु तो साचा इंग्रजीचा तरी कोठे होता?

आठ ही संख्या मुळात ग्रीक. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ शब्दजाती आहेत आणि त्यांत उपपद आहे. लॅटिनला उपपद नाही. तेव्हा लॅटिन वैयाकरणांनी ते वगळले, उद्गारवाचकाला स्वतंत्र स्थान दिले आणि बेरीज पुन्हा आठच राखली. घटक बदलले, संख्या टिकली!

१५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले, ते याच लॅटिन चौकटीत. लॅटिनमध्ये विशेषण नामासारखेच चालते, म्हणून ते नामाचा पोटभेद होते. इंग्रजी विशेषणाला लिंग-वचनाचा विकार होत नाही. तरीही नामापासून त्याची फारकत सर्वमान्य व्हायला अठरावे शतक उजाडले. उपपदाचे प्रकरण अधिक बोलके आहे. बेन जॉन्सनच्या १६४० साली, मरणोत्तर निघालेल्या व्याकरणात ते नववे; १७६१ साली प्रीस्टली आठांवर थांबतो; १७९५ साली मरे पुन्हा नऊ मोजतो. अडचण मोजणीची नव्हती. ‘राउंड’ हा एकच शब्द इंग्रजीत नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अशा पाचही भूमिका वठवतो. त्याची जात ठरते ती वाक्यातील स्थानावरून, रूपावरून नव्हे. वाक्याआधी शब्द, हा लॅटिनचा क्रम येथे मुळातच गैरलागू होता.

वाक्यप्रकारही असेच उशिरा स्थिरावले. मरे दोनच प्रकार मानतो : केवल आणि संयुक्त. मिश्रवाक्य शालेय व्याकरणात वेगळे रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. जर्मन वैयाकरण बेकर याची पद्धती मॉरेलच्या १८५२ च्या पुस्तकातून इंग्रजी शाळांत पोहोचल्यानंतर.

म्हणजे मराठीच्या हाती आले ते आधीच दोन-तीनदा उसवून शिवलेले वस्त्र. मराठीनेही ते जसेच्या तसे नेसले नाही. उपपद गळाले. इंग्रजीत नामाआधी येणारा शब्द ‘शब्दयोगी’ झाला, कारण ‘घरावर’ म्हणताना ‘वर’ मागून येऊन जोडला जातो आणि ‘घर’चे सामान्यरूप होते. यास्काच्या चार किंवा पाणिनीच्या सुबन्त-तिङन्त या दोन वर्गांकडे परतणे झाले नाही; मात्र विकारी व अव्यय ही संस्कृत वळणाची विभागणी या आठांवर बसवली गेली.

शिवण उघडी पडते ती विशेषणापाशी. इंग्रजीत विकार होत नाही म्हणून जे नामापासून सुटले, ते मराठीत स्वतंत्र जात म्हणून आले आणि वर विकारी ठरले. ‘चांगला’ची ‘चांगली’, ‘चांगले’ अशी रूपे होतात, तेथे हे पटते. ‘सुंदर’ मात्र तिन्ही लिंगांत ‘सुंदर’च राहते, आणि तरीही विकारी शब्दांच्याच पंक्तीला बसते.