गाव बीबी, पोरं बिनलग्नाची

पुण्यात नव्या टीममध्ये ओळख करून देताना गावाचं नाव सांगितलं की हिंदी बोलणारे सहकारी हमखास हसतात. "बीबी? मतलब वाइफ?" मी हो म्हणतो. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. गावात हा विनोद कुणालाच नवा नाही. उलट गेल्या दिवाळीत चहाच्या टपरीवर आमच्याच एका दोस्तानं तो पुढे नेला : "अख्ख्या महाराष्ट्रात बीबी आपल्याच गावाले हाय, अन् आपल्यालेच नाही."

सगळे हसले. आम्ही पाच जण होतो. मी सोडून चौघं शेती करणारे, अठ्ठावीस ते तेहतीस वयाचे आणि चौघंही बिनलग्नाचे.

लहान गाव, हाताशी भरपूर वेळ असलेली माणसं आणि त्यांच्या उचापती : मराठीत हसू पिकवणारी ही जुनी जमीन आहे. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे, गणामास्तर अशी मंडळी जमतात, कुणीतरी एखादी बातमी आणतं आणि बघता बघता तिची भानगड होते. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी मिळून साठच्या दशकापासून गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि पारावरच्या गप्पांना तिकीट लावून माणसं ऐकू लागली. पुढे तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईत, पाटील १९८५ला नांदेडला, मिरासदार १९९८ला परळीला. गंमत म्हणजे तिन्ही ठिकाणं मराठवाड्यातली आणि तिघांची गावं पश्चिम महाराष्ट्रातली : माडगूळ, पट्टणकोडोली, अकलूज.

तिघांनी गाव आतून पाहिलं होतं, पण तिघांच्याही नोकरी-लेखनाची बरीच वर्षं पुण्यात गेली. माझ्या मते त्या विनोदाची ऊब तिथूनच येते. गाव सोडून आलेल्या माणसानं, गाव सोडून आलेल्या माणसांना सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या. भोकरवाडीत रिकामपण ही काळजी नसते, ती चैन असते. नाना चेंगट पोटापाण्याचं काय करतो, हा प्रश्न वाचताना आपल्याला पडतच नाही. (मला पडला तो नोकरी लागल्यावर.)

आमच्या बाजूचा माणूस या विनोदात आला तो बराच उशिरा. बुलढाणा जिल्ह्यातल्याच पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' १९८७मध्ये आली. तिचा नायक पंजाबराव गरसोळीकर पाटील आपली कहाणी वऱ्हाडीतच सांगतो. एरवी वऱ्हाडी बोलणारं पात्र हसवण्यापुरतं यायचं आणि जायचं. इथं हसवणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो, एकच माणूस होता. पुढे दिलीप देशपांडे यांनी तिचे एकपात्री प्रयोग केले.

मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि गावच्या पोरांना मध्ये कथा सांगणारा कुणी लागेनासा झाला. सातारा जिल्ह्यातून 'गावाकडच्या गोष्टी', बारामतीकडून 'चांडाळ चौकडीच्या करामती' यूट्यूबवर आल्या. आता तर टपरीवर बसल्या बसल्या रील होते. आमच्यातला एक जण बैलासमोर इंग्रजीत भाषण करतो. त्याला माझ्या ऑफिसातली माणसंही फॉलो करतात, आणि तो माझा वर्गमित्र आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

या साठेक वर्षांच्या हशात एक जागा मात्र रिकामीच राहिली. पारावर पोरगी नाही. आली तर नवऱ्याला झापणारी बायको म्हणून येते, नाहीतर हिरोचं चहावरचं लक्ष उडवायला. तिच्या दिवसभरात हसण्यासारखं काय घडतं, हे या परंपरेनं क्वचितच विचारलं.

२१ डिसेंबर २०२२ला सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मोर्चा काढला. मुंडावळ्या, फेटे, घोडे, पुढे बँड, आणि वरात निघाली थेट कलेक्टर ऑफिसवर : आम्हाला नवरी द्या. मिरासदारांना सुचावी अशी ही घटना. मीही तो व्हिडिओ हसण्याच्या इमोजीसकट चार ग्रुपवर टाकला. त्यातली दुसरी मागणी नंतर वाचली. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४चा कायदा नीट राबवा, अशी ती होती.

मग आपल्या जिल्ह्याचा आकडा शोधला. २०११च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४. त्याआधीच्या जनगणनेत आमचाच आकडा ९०८ होता. म्हणजे जिल्ह्यात सोनोग्राफी पोचली, तिच्यावर लिंगनिदान करायला बंदी करणारा कायदाही पोचला, आणि तरी दहा वर्षांत हजारामागे त्रेपन्न मुली आणखी कमी झाल्या. तेव्हाची ती पोरं आता मिसरूड फुटून टपरीवर यायला लागली आहेत. त्यांची रांग आमच्या चौघांच्या मागे उभी आहे.

चौघांचं घोडं मुख्यतः दुसरीकडे अडलंय. "पोरीच्या बापाले जावयाचं वावर पाहिजे, पण जावई वावरात नको," हे वाक्य आमच्याकडे हसतच म्हणतात. बापांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पोरींनीही आईचं आयुष्य पाहिलंय : सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, घरी येऊन पुन्हा चूल. त्या पुण्याचा मुलगा मागतात यात मला तरी काही चूक दिसत नाही. माझ्या मोठ्या बहिणीनं तेच केलं.

त्या संध्याकाळी बैलवाला दोस्त मला बाजूला घेऊन गेला.

"तू सॉफ्टवेअरवाला हायेस ना? मंग माह्या बायोडाटाची पीडीएफ करून दे."

मी फोनवर फॉर्म उघडला. जन्मतारीख, रास, शेती सात एकर. नोकरीच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं.

"पुणे लिही. लगन झालं की येतो वापस."

"अन् पॅकेज?"

त्यानं जरा विचार केला. "तुह्यापेक्षा थोडं कमी टाक. नाहीतर कोणाले खरं वाटणार नाही."