क्वार्टरबॅकचे गुण आणि पारखणाऱ्यांची नजर

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा खेळाडू संघाच्या केंद्रस्थानी असतो. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू बहुधा त्याच्याच हाती येतो. तो धावकाकडे सोपवावा, स्वतः घेऊन धावावे की पुढे फेकावा, हे प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. खांद्यातील बळ, फेकीची अचूकता, उंची, पायांतील वेग, शांत डोके, नेतृत्व ही त्याच्या गुणांची यादी कोणताही प्रशिक्षक सहज म्हणून दाखवील. ती कालातीत भासते, पण तशी नाही. तिचा इतिहास, विशेषतः महाविद्यालयीन खेळातला, मूल्यनिर्णयाच्या प्रश्नात रस असलेल्या साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मैदानाबाहेरून सूचना देणे नियमबाह्य होते. चाल ठरविणारा खेळाडू मैदानावरच लागे. म्हणून क्वार्टरबॅकची परीक्षा प्रथम बुद्धीची आणि आवाजाची होती, हाताची नव्हे. चेंडू पुढे फेकण्याची मुभाच मुळी १९०६ साली मिळाली, आणि तीही आदल्या हंगामातील मृत्यूंमुळे खेळावर बंदी येण्याची वेळ आली म्हणून. १९१३ मध्ये नोत्र दामच्या गस डोराइसने फेकींच्या बळावर आर्मीचा ३५–१३ असा पराभव घडवून आणला, तेव्हा या नव्या अस्त्राची ताकद सर्वांच्या ध्यानात आली. तरीही पुढे कित्येक वर्षे, 'सिंगल विंग' रचनेत, क्वार्टरबॅक मुख्यतः धावकासाठी वाट मोकळी करणारा गडी होता. १९४० साली स्टॅनफर्डमध्ये क्लार्क शॉनेसी यांनी 'टी' रचना यशस्वी करून दाखविली आणि फ्रँकी अल्बर्टच्या हातचलाखीला एकाएकी मोल आले. रचना बदलली की गुणांची उतरंड बदलते, एवढे यातून निःसंशय दिसते.

मग सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता? माझ्या मते निर्णयशक्ती. आणि तिचा उत्तम दाखला फेकीत नव्हे, तर नेब्रास्काच्या टॉमी फ्रेझरच्या खेळात सापडतो. त्याच्या संघाच्या 'ऑप्शन' पद्धतीत क्वार्टरबॅक धावता धावता समोरच्या एका रक्षकाच्या हालचाली वाचतो आणि चेंडू ठेवायचा की बाजूच्या साथीदाराकडे टाकायचा हे त्यावरून ठरवतो. १९९४ आणि १९९५ या दोन्ही हंगामांत नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. जानेवारी १९९६ मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या ६२–२४ अशा विजयात फ्रेझर एकटा १९९ यार्ड धावला. पुढे तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला नाही. त्याला रक्ताच्या गुठळ्यांचा विकार होता हे खरे. पण त्याची फेक त्या लीगच्या मापाची नाही, असेही म्हटले जाई. महाविद्यालयीन खेळ म्हणजे व्यावसायिक खेळाची रंगीत तालीम, हे गृहीतक या आक्षेपाच्या मुळाशी आहे. (कथा ही कादंबरीची पूर्वतयारी मानणारे समीक्षक आपल्याकडेही कमी नाहीत.)

परंतु निर्णयशक्ती म्हणताच एक अडचण उभी राहते. हात मोजता येतो, धाव घड्याळावर लावता येते. बुद्धी आणि नेतृत्व मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडावे लागते, आणि ती नजर निर्मळ नव्हती. कृष्णवर्णीय खेळाडूला 'जन्मजात खेळाडू' म्हणायचे आणि श्वेतवर्णीयाला 'विचारी', असा स्तुतीचा व्यवहार कित्येक दशके चालला. आपल्या काव्यशास्त्रात प्रतिभा आणि व्युत्पत्ती एकाच कवीत अपेक्षित असतात. इथे त्यांची वाटणीच रंगावरून झाली होती! जी जागा बुद्धीची मानली गेली, तिथून कृष्णवर्णीयांना स्तुती करत करतच दूर ठेवता आले.

सँडी स्टीफन्सने १९६० साली मिनेसोटाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९६२ च्या रोझ बोलमध्ये यूसीएलएवरील २१–३ अशा विजयात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्यावसायिक संघांनी त्याची निवड केली, पण क्वार्टरबॅक म्हणून खेळविण्याची कोणाची तयारी नव्हती. तो कॅनडात माँट्रियलला गेला. सोळा वर्षांनी तीच गोष्ट वॉरन मूनच्या वाट्याला आली. जानेवारी १९७८ मध्ये त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला आणि त्याच वर्षीच्या व्यावसायिक निवडीत त्याचे नाव कोणीही पुकारले नाही. दरम्यान नियम बदलले होते, रचना बदलल्या होत्या, फेकीचे महत्त्व वाढले होते. आणि मूनची फेक तर उत्तम होती. एडमंटनसाठी त्याने लागोपाठ पाच वेळा कॅनडाचा ग्रे कप जिंकला, तेव्हा कुठे १९८४ साली ह्यूस्टनने त्याला परत आणले.

२००६ मध्ये मून व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. स्टीफन्सची महाविद्यालयीन 'हॉल ऑफ फेम'साठी निवड २०११ साली झाली. तोपर्यंत त्याच्या निधनाला अकरा वर्षे झाली होती.