कापसाने उभी केलेली पेठ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या कापसाने यवतमाळसारख्या डोंगरमाथ्यावरील गावाला शहराचे रूप कसे दिले, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही.

ऐन-ई-अकबरीत ‘योत-लोहारा’ या परगण्याचे ठाणे म्हणून नोंदलेले हे गाव. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर येथे जिल्ह्याची कचेरी आली, तरी कागदोपत्री जिल्हा ‘वणी’ या नावानेच चाले. यवतमाळचे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती अवघी १०,५४५ होती आणि सर्वांत जवळचे सोयीचे रेल्वे ठाणे म्हणजे २९ मैलांवरील धामणगाव. तरीही जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने येथे उभे राहिले होते. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद रुळांवरून, मूर्तिजापूरपर्यंतच्या ११३ किलोमीटरांच्या वाटेने, येथील गाठी मुंबईच्या रोखाने जाऊ लागल्या. ती अरुंद रुळांची गाडी म्हणजेच आपली ‘शकुंतला’.

मेन लाईन, दत्त चौक आणि आझाद मैदान यांच्या परिसरातील पेठेचा रुबाब या व्यापाराचा आहे. पण तो नेमका कोणाच्या पैशाचा? हंगामात खेड्यापाड्यांतून रात्रभर चालत आलेल्या बंड्या बाजारात सुटत. जुन्या रिवाजाप्रमाणे अडत्या आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि मालाचा धनी शेतकरी त्या रुमालाकडे पाहत उभा राही. या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, आणि हिंदुस्थानातील बाजारनियंत्रणाचा तो आद्य कायदा होय. मात्र त्यातील पाच सभासदांच्या समितीत दोन नगरपालिकेचे व तीन व्यापाऱ्यांचे. पिकविणाऱ्याचा एकही नाही. बाजाराची शिल्लक आमदनी नगरपालिकांच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होई, आणि शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात या पद्धतीवर आक्षेप घेतला.

म्हणजे वऱ्हाडी शहरांच्या रस्त्यांसाठी आणि दिव्यांसाठी बंडीवाल्याने कर भरला, आणि कारभारात त्याचा शब्द नव्हता. अमेरिकेत मिसिसिपीकाठच्या नॅचेझचे श्रीमंत वाडे गुलामांनी पिकविलेल्या कापसावर उभे राहिले. आमचा कुणबी गुलाम नव्हता, हा भेद फार मोठा आहे आणि तो पुसता कामा नये. तथापि शहराच्या शोभेचा खर्च ज्याने सोसला त्याचे नाव शहराच्या इतिहासात नसावे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

यवतमाळच्या नगरपालिकेने जुन्या कापूसबाजाराच्या जमाखर्चाच्या वह्या दफ्तरात शिल्लक असतील तितक्या शोधून काढाव्यात आणि छापून प्रसिद्ध कराव्यात. कोणत्या वर्षी किती बंड्या आल्या, किती पट्टी वसूल झाली आणि ती कोणत्या रस्त्यावर खर्ची पडली, हे जाणण्याचा अधिकार त्या बंडीवाल्यांच्या नातवंडांना आहे.