करार आधी, कायदा मागाहून

दुबईत परदेशी माणसाला घर विकत घेता येतं, याचं इथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना आज काही विशेष वाटत नाही. पण २००२ पर्यंत आपल्यासारख्यांना एकच मार्ग होता: भाड्याचं घर, आणि मालकाच्या हाती पुढच्या तारखांचे चेक. स्वतःचं घर म्हणजे पुणे, ठाणे नाहीतर नाशिक!

२००२ मध्ये तेव्हाचे युवराज शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत फ्रीहोल्ड मालकीची मुभा दिली. दुबई मरीना, पाम जुमेरा अशा प्रकल्पांत बुकिंगची झुंबड उडाली. गंमत अशी, की या मालकीला भक्कम आधार देणारा कायदा आला तो मार्च २००६ मध्ये. मधली चार वर्षं घेणाऱ्याचं नाव असे ते बिल्डरच्या वहीत, सरकारी जमीन खात्याच्या दप्तरात नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर खरेदीखत नाही, इंडेक्स टू नाही, नुसता बिल्डरबरोबरचा करार.

मास्टर्स आटोपून आणि थोडी नोकरी करून मी २००६ च्या अखेरीस इथे आलो, तेव्हा ऑफिसात डबा खाताना विषय एकच, फ्लॅट. पाच-दहा टक्के भरायचे आणि पाया खणण्याआधीच तो करार 'प्रीमियम' घेऊन पुढच्याला विकायचा. बुकिंगच्या रांगेतली जागासुद्धा विकली जाई! मुंबईची पागडी पाहिलेल्यांना अर्ध्या कागदावरच्या व्यवहाराचं नवल नाही. पण पागडीत निदान खोली तरी उभी असे.

२००७ मध्ये एस्क्रो कायदा आला. घेणाऱ्यांचे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि बांधकाम पुढे सरकेल तसे बिल्डरला द्यायचे. देखरेखीला त्याच वर्षी 'रेरा' ही संस्था स्थापन झाली. अपुऱ्या इमारतींतल्या सौद्यांचीही नोंद सक्तीची करणारा कायदा आला २००८ मध्ये. त्याच सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पुढच्या काही महिन्यांत दुबईच्या अनेक भागांत किमती निम्म्यावर आल्या.

आमच्या ऑफिसातल्या एकाचा प्रकल्प खड्ड्यापाशीच थांबला. पुढे त्याची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसा जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. हप्ता थांबवावा तर भरलेले पैसे जाणार, चालू ठेवावा तर पगार नाही. शिवाय चेक न वटणं तेव्हा फौजदारी गुन्हा होता. त्याने सांगलीचा प्लॉट विकून देणी फेडली. फ्लॅट मात्र त्याला मिळाला नाही.

घेणाऱ्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, ही कल्पना आपल्याला नवी नव्हती बरं का! महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यातच ती होती. माझ्या मते उणीव होती ती त्या खात्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची. भारताचा रेरा कायदा २०१६ चा, महारेरा सुरू झालं मे २०१७ मध्ये. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट तेव्हा आली. म्हणजे नाव तेच, पण दुबईनंतर दहा वर्षांनी.

आता इथल्या ओळखीच्या कोणी बांधकाम चालू असलेला फ्लॅट बघितला, की मी आधी एस्क्रो खातं विचारतो, मग जमीन खात्यातली 'ऊकूद' नोंद. स्विमिंग पूलचं चित्र दाखवायची घाई बहुतेकांना असतेच.