सोनोग्राफी : करावी की न करावी?

हल्ली घरात सुनेला दिवस गेले की एक वाद हटकून निघतो. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी कुठे होती ही यंत्रे? आमची बाळंतपणे झालीच ना?” सून म्हणते, “डॉक्टरांनी सांगितले आहे.” अशा वेळी या यंत्राची हकीकत ठाऊक असलेली बरी.

पूर्वी पोटातले मूल पाहायचे तर क्ष-किरणांचा फोटो काढीत. इंग्लंडमधील डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट या बाईंनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांकडे चौकशी केली. गर्भारपणी असे फोटो काढलेल्या आयांच्या मुलांत तो रोग अधिक आढळतो, हे त्यांनी १९५६ साली पुढे मांडले. आयांनाच विचारावे, हे त्या बाईंना सुचले!

त्याच सुमारास ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतील दोष शोधणारे यंत्र पाहिले. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र जुळवायचे, अशी त्याची युक्ती. तीच पोटाच्या तपासणीसाठी वापरून १९५८ साली त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. तिच्यातूनच आजची सोनोग्राफी आली. हिच्यात क्ष-किरण नसतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसते.

आपल्याकडे मात्र या विद्येला कलंक लागला. आधी गर्भजल तपासून, पुढे सोनोग्राफी करून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्रानेही केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. हा दोष यंत्राचा नव्हे, आपल्या मनाचा.

मग करावी की न करावी? चोविसाव्या आठवड्याआधी एकदा करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. दिवस नीट मोजता येतात, जुळे असेल तर कळते, काही व्यंगेही ध्यानात येतात. पुन्हा करायला सांगितली, तर “कशासाठी?” असे डॉक्टरांना खुशाल विचारावे. नुसत्या हौसेखातर करू नये.

शेवटचा शब्द मात्र जिच्या पोटात मूल आहे तिचा असावा. आपण थोरल्या बायकांनी तिच्या सोबतीला जावे, धीर द्यावा, आणि “मुलगा की मुलगी?” हा प्रश्न घरीच नव्हे, मनातही येऊ देऊ नये.