शस्त्र कायदा : परवानाधारकांचा आक्षेप आणि दोनची मर्यादा

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवानाधारकाला पूर्वी कमाल तीन अग्निशस्त्रं बाळगता येत असत. ही संख्या एकवर आणणारं सुधारणा विधेयक केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं. परवानाधारकांनी त्याला विरोध दर्शवला. गुन्ह्यांत प्रामुख्यानं विनापरवाना गावठी कट्टे वापरले जातात. मग निर्बंध पोलिसांकडे नोंद असलेल्यांवरच का, असा त्यांचा सवाल होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

अखेर मर्यादा दोन ठरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं विधेयक संमत केलं. मात्र वारशानं आलेलं शस्त्रही या दोनांतच मोजलं जातं. त्यामुळे वाडवडिलांची बंदूक जपणाऱ्या कुटुंबांपुढे पेच निर्माण झाला : कोणतं शस्त्र ठेवायचं? तिसरं शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणं बंधनकारक होतं. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली.

दिल्ली परिसरात लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करण्याची प्रथा जीवघेणी ठरली आहे. त्यासाठी या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. हा गोळीबार बहुधा परवान्याच्या बंदुकीतूनही होतो, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांना देता आलं नाही.