आजीचे गुडघे आणि सरकारी वय

आमच्या आजीचे आधार कार्डावरचे जन्मवर्ष १९५१ आहे. तारीख १ जानेवारी. ज्यांची जन्मतारीख कुणी लिहूनच ठेवली नाही, त्यांची सगळ्यांची हीच. थोरल्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून १९६२ टाकली. दोन्ही कागद खरे मानले तर आजी ११ व्या वर्षी आई झाली!

आजीचा हिशोब वेगळा. 'बाबासाहेब गेले तवा मी लुगडं नेसत हुते,' असे ती सांगते. म्हणजे १९५६ साली ती १२-१३ वर्षांची होती. दीक्षेसाठी ती नागपूरला गेली नव्हती. पण ती लाट मराठवाड्यात आली तेव्हा आमच्या वस्तीनेही देव पोत्यात भरून नदीत सोडले आणि मेलेली ढोरे ओढणे बंद केले. गावाने शेतातली कामे बंद करून त्याचे उत्तर दिले. आपल्या चळवळीच्या इतिहासात ठराव येतो, नेत्याचे भाषण येते. त्या ठरावानंतर महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या पोरींच्या हाडांचे काय झाले, हे येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. तेव्हा ती २८-२९ ची होती, पदरी तीन लेकरे. उन्हात उकिडवे बसून दिवसभर हातोडा चालवायचा, वर सुकडी आणि मिलोची लाल भाकरी. या दुष्काळी कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचे देशभर कौतुक होते आणि व्हायलाही हवे. पण त्या रस्त्यांखाली किती बायांचे गुडघे गेले, हे कुणी मोजले नाही. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर वस्त्या पेटल्या, तेव्हा ती लेकरांना घेऊन रात्रभर उसात दडून बसली. पळताना पडली, तेव्हापासून डावा पाय ओढतच चालते. पस्तिशीतच तिला गावात 'म्हातारी' म्हणू लागले होते.

'म्हातारपण कुणाला चुकलंय?' असे यावर हमखास ऐकवले जाते. आपले काही उपासकही अनित्यतेचा दाखला देतात. त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडून पाहावा. सिद्धार्थाने २९ व्या वर्षी पहिल्यांदा म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले व घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या भांडणात दाखवले. दुःखाकडे समाजातून पाहायचे ते असे. ऐंशीव्या वर्षी गुडघे दुखणे निसर्ग असेल. पस्तिशीत म्हातारी होणे ही जातीने आणि मजुरीने केलेली झीज आहे.

आता सरकारचा न्याय पाहा. श्रावणबाळ योजनेला वयाची अट ६५ वर्षांची. साखर कारखान्याच्या कारकुनाला आणि खडी फोडणाऱ्या बाईला एकच आकडा, याला समता म्हणायचे का? त्यात कागदावर आजी सात-आठ वर्षांनी लहान. तेवढी वर्षे पेन्शन बुडाली. वय दुरुस्त करायला गेलो तर पुरावा मागितला. गुडघे पुरावा म्हणून चालत नाहीत. रेशन दुकानातल्या मशीनवर तर तिचा अंगठाही उमटत नाही, रेषाच झिजल्यात. दुकानदार म्हणतो, 'आजी, हात धुऊन या.' ती धुऊन येते, पुन्हा तेच. मग नातवाचा अंगठा.

वस्तीतल्या अशा बायांची वये आम्ही आता वहीत लिहून घेतो आहोत. तारीख विचारत नाही. दीक्षेच्या वेळी केवढ्या होता, बहात्तरला किती लेकरे होती, कोणत्या कामावर होता, पहिल्यांदा काय दुखले, एवढेच विचारतो. आतापर्यंत २३ जणी झाल्या. त्यातल्या १९ जणींनी पहिले दुखणे खडीच्या नाहीतर उसाच्या कामावरचे सांगितले. ही वही घेऊन पुढच्या महिन्यात तहसीलला जायचे आहे.